वाफ्यातल्या मातीचा घट

“थोरात, हे काय आहे?”

मी पोटरीभर पाण्यात उभी होते. एका हातात चपला, दुसऱ्या हाताने सलवार वर धरलेली. दिनकर थोरात, साइटचा सुपरवायझर, कडेच्या फरशीवर उभा राहून छत्रीच्या टोकाने चिखल उकरत होता.

“पाणी आहे, मॅडम.”

“ते मलाही दिसतंय. पाऊस कधी थांबला?”

“काल संध्याकाळी पाचला.”

“आणि आत्ता वाजलेत किती?”

“साडेनऊ.”

“साडेसोळा तास! चार तासांत मुरायला पाहिजे होतं हे पाणी. आणि इथे बेडकांनी संसार मांडलाय! काय घातलंत काय तुम्ही या वाफ्यांत?”

“मॅडम, माती तर एक नंबर टाकलीय. तलावातला गाळ. आमच्या शेतातसुद्धा एवढी चांगली माती नाही. वाळूत झाडं उपाशी मेली असती. आणि मॅडम, तुम्ही त्या दिवशी...”

“एक शब्द बोलू नका!”

त्याने छत्रीचं टोक चिखलातून काढून घेतलं. पन्नाशीचा, दोन मुलींचा बाप, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा माणूस. पाच-सहा कामगार घमेली हातात धरून बघत होते आणि त्यांच्यासमोर मी त्याला झाप झाप झापलं. माझा राग तेव्हा साइटवर प्रसिद्ध होता. गवंडी म्हणायचे, राजोपाध्ये बाई आल्या की सिमेंट लवकर वाळतं. हे माझ्या कानावर आलं होतं आणि मला ते आवडलंही होतं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. तळ्याचा माळ नावाच्या उतारावर संग्राम इंगवले या बिल्डरने अकरा एकरांत बंगल्यांची स्कीम उभी केली होती, आणि त्या जागेवरच्या पावसाच्या पाण्याचं काय करायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मोकळ्या माळावर पडलेलं पाणी गवतात रेंगाळतं, भेगांत शिरतं, वारुळांतून खाली जातं. तिथे छपरं आणि डांबरी रस्ते आले की तेच पाणी पळत सुटतं आणि उताराच्या तळाशी जो कोणी राहतो त्याच्या घरात घुसतं. या उताराच्या तळाशी कुंभारवाडा होता. नऊ घरं होती तिथे.

म्हणून मी सव्वीस वाफे आखले. प्रत्येक वाफा रस्त्यापेक्षा फूटभर खोल. छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी त्यात यायचं, थोडा वेळ साचायचं, वरच्या वाळूमिश्रित मातीतून गळत खालच्या दोन फूट खडीत जायचं आणि तिथून सावकाश जमिनीत. वर कर्दळ, वाळा, लव्हाळा, पाय ओले राहिले तरी कुरकुर न करणारी झाडं. इंगवल्यांना त्या जागेवर पार्किंग हवं होतं. आठ महिने मी त्यांच्याशी भांडले, नगरपालिकेच्या परवानगीत ते वाफे लिहून घेतले, तेव्हा कुठे ते गप्प बसले. गप्प बसले म्हणजे काय, गेटवर भला मोठा बोर्डच लावला. ‘इथला थेंब इथेच मुरतो.’ खाली त्यांचा हात जोडलेला फोटो.

त्या साली आषाढ आणि श्रावण जवळजवळ कोरडेच गेले. छपरांचे पाइप वाफ्यांना जोडले गेले ते गणपतीच्या आठवड्यात, ताबे देण्याच्या घाईत. त्यामुळे वाफ्यांची परीक्षा घेतली ती थेट भाद्रपदातल्या त्या पावसाने. दुपारी तीनला सुरू झाला, पाचला थांबला. सव्वीसच्या सव्वीस वाफे अर्ध्या तासात भरले, वाहिले, आणि अकरा एकरांचं पाणी खालच्या गेटमधून उतारावर सुटलं.

चपला हातातच धरून मी त्या पाण्याच्या मागावर उतरू लागले. गवत एका दिशेला आडवं झोपलेलं. मखरातल्या थर्माकोलचे तुकडे, उपटलेली कर्दळ, कुणाच्या तरी दारातली प्लॅस्टिकची रांगोळी. चालता चालता मी थोरातला मनातल्या मनात आणखी तीनदा झापलं आणि इंगवल्यांना दोनदा. रागात एक बरं असतं, स्वतःकडे बघायला सवड मिळत नाही.

हरिबा कुंभाराचं घर सगळ्यात खाली. अंगणात आवा होता. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी, शेणी आणि पाचटात मडक्यांचे थर लावून वरून राख-मातीने लिंपलेला मोठा ढीग. आता तो एका बाजूने खचला होता आणि त्यातून काळा रेंदा अंगणभर पसरला होता. हरिबा उकिडवा बसून त्या रेंद्यातून एकेक घट काढत होता, बोटाने टिचकी मारत होता आणि मागे फेकत होता. मागे खापरांचा ढीग झाला होता. पुढे, एका फळीवर, चांगले निघालेले सात घट ओळीने ठेवले होते.

“हरिबा काका.”

त्याने मान वर केली नाही.

“किती होते?”

“बाराशे.”

“आवा कधी लावलात?”

“काल सकाळी. आभाळ निर्मळ हुतं. घट बसायला बारा दीस ऱ्हायल्यात. थांबून कसं चालंल?” त्याने आणखी एक टिचकी मारली. आवाज बद्द आला. तो घट मागे गेला. “वरनं आल्यालं पानी पत्र्यानं अडिवलं. ह्ये खालनं आलं.”

उंबऱ्यावर त्याची सून शेवंता बसली होती. उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत पट्टीत गुंडाळलेला.

“पायाला काय झालं?”

“तापल्या आव्याच्या बुडात पानी शिरलं, बाई. आतनं फटाक्यागत फुटाया लागलं. मी म्हनलं, वरचा थर तरी काढावा. राख वरनं गार दिसत हुती. पाय आत गेला.”

“दवाखान्यात गेलात का?”

“जाऊन आलो की. चार महिनं माती तुडवायची न्हाई म्हनले.” ती हसली, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. “मंग काय करायचं, त्ये न्हाई म्हनले.”

माझ्या डोक्यात रक्त चढलं. “मी सोडणार नाही यांना! उद्या अकरा वाजता साइट ऑफिसात मीटिंग आहे. त्या थोरातला आणि इंगवल्यांना, दोघांनाही मी...”

“त्या मातीचं म्या म्हनलं हुतं...” हरिबा खालमानेनेच बोलू लागला.

“मी बघते, काका. मी बघते,” मी घाईघाईने म्हणाले.

मग मात्र त्याने वर पाहिलं. सत्तरीचा म्हातारा, भुवयांवर राख बसलेली. हातातला घट त्याने खाली ठेवला.

“तुमच्या बागंतली माती वाईच घिऊ का?”

“घ्या की. किती हवी?”

“एक पाटी.”

“विचारताय काय! घ्या.”

कशाला हवी, हे मी विचारलं नाही. तलाव उपसला की गाळ आधी कुंभारवाड्याच्या गाढवांवर चढायचा आणि उरलेला शेतकरी न्यायचे, ही तिथली जुनी रीत. त्या उन्हाळ्यात सगळाच्या सगळा गाळ आमच्या साइटवर आला होता. एक पाटी परत गेली तर बिघडलं कुठे, एवढंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी अकराला पाच मिनिटं असतानाच साइट ऑफिसात पोचले. एसी चालू होता. मध्यभागी काचेखाली स्कीमची प्रतिकृती. त्यात माझे सव्वीस वाफे हिरव्या स्पंजचे केले होते. थोरात कोपऱ्यातल्या खुर्चीत डोकं खाली घालून बसला होता. इंगवले आले, सगळ्यांना चहा सांगितला. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. मला त्याची ती सवय फार चीड आणायची.

“मॅडम, शांतपणे बोलू,” ते म्हणाले. “कुणावर ढकलायचं नाही. थोरात, तुम्ही पण मान वर करा. चूक कुणाचीच नाही.”

“चूक नाही? खाली एका बाईचा पाय भाजलाय! बाराशे घट फुटलेत!”

“वाईट झालं. नुकसानीचं बघू आपण. पण दोन तासांत एवढा पाऊस, म्हणजे हा निसर्ग आहे मॅडम. निसर्गापुढे कोण काय करणार?” त्यांनी समोरची फाइल उघडली. “आणि तुमचा हा अहवाल आहेच की. जून महिन्यातला. प्रत्येक वाफ्यात खड्डा घेतला, फूटभर पाणी ओतलं, ते मुरायला लागलेला वेळ एक तास चाळीस मिनिटं. सव्वीस वाफे, सव्वीस नोंदी. खाली सही तुमची. यावरच तर नगरपालिकेने आपल्याला दाखला दिला. म्हणजे वाफे ठणठणीत होते. पाऊसच जास्त झाला. बरोबर?”

मी प्रतिकृतीतल्या हिरव्या स्पंजकडे बघत राहिले.

“म्हणजे काय सिद्ध झालं?” ते पुढे म्हणाले. “वाफे चांगले, पण अशा पावसाला पुरत नाहीत. लोक डासांच्या तक्रारी करतायत. तेव्हा वाफे बुजवू, वर पेव्हर ब्लॉक टाकू, चार गाड्या तरी उभ्या राहतील. आणि खालच्या भिंतीतून तीन फुटी पाइप काढू. सगळं पाणी एका झटक्यात ओढ्याला.”

“ओढ्याच्या आधी कुंभारवाडा आहे!” मी ओरडले. “तीन फुटी पाइपचं तोंड त्या लोकांच्या अंगणात उघडणार! परवा वाहिलं ते फक्त वाफ्यांतून उतू गेलेलं पाणी होतं. पाइप टाकलात तर दर पावसात सगळंच्या सगळं तिकडे जाईल. माणसं राहतात तिथे, इंगवले!”

“मग तुम्ही सांगा, मॅडम,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. “वाफे काम करत होते, तर ते कमी पडले आणि पाइप लागणार. काम करत नव्हते म्हणत असाल, तर या अहवालाचं काय?”

चहा आला. कुणीतरी बशीत बिस्किटं ठेवली. इंगवल्यांनी माझ्याकडे बघून फाइल माझ्या बाजूला सरकवली. फक्त मान डोलवायची होती. मी मान डोलवली असती तर माझी सही वाचली असती, थोरातची नोकरी वाचली असती, इंगवल्यांना पार्किंग मिळालं असतं. त्या खोलीतल्या प्रत्येकाचं भलं होत होतं.

तेवढ्यात दार ढकलून हरिबा आत आला. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला पटका, आणि दोन्ही हातांवर लाकडी फळी. फळीवर एक घट. कच्चा, ओला, काळा. त्याच्या कडेवर बोटांच्या रेघा अजून ताज्या होत्या.

“अहो, मीटिंग चालू आहे,” इंगवले म्हणाले.

“म्हाईत हाय. म्हनून तर आलोय.”

त्याने फळी टेबलावर ठेवली, माझ्या अहवालाच्या शेजारी. थोरातच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या उचलला आणि घट गळ्याखालपर्यंत भरला. मग अंगठ्याच्या नखाने आतून, पाण्याच्या रेषेवर, एक खूण केली.

“ही बागंतली माती,” तो म्हणाला. “काल नेली, रातभर मुरवली, आज सकाळी चाकावर घातली. वाळू घातली न्हाई, राख घातली न्हाई. हाय तशी. आता बगू, पानी किती येळात मुरतंय.”

“हा काय पोरखेळ आहे?” इंगवले म्हणाले.

“खेळ न्हाई, सायेब. बसा जरा.”

आणि काय झालं कोण जाणे, आम्ही बसलो. भिंतीवर सिमेंट कंपनीचं घड्याळ होतं. अकरा वाजून अठरा मिनिटं. थोरात खुर्ची ओढून पुढे आला आणि घटात डोकावून बघू लागला. त्याचे ओठ हळूहळू उघडे पडले. शेतकऱ्याच्या पोराने आयुष्यभर जी माती सोन्यासारखी मानली, ती काय करते हे त्याला त्या वेळी दिसत होतं. अकरा पंचवीस. अकरा तीस. नखाची खूण आणि पाण्याची रेषा जिथल्या तिथे होती.

“जी माती पानी सोडती तिचं मडकं व्हत न्हाई,” हरिबा म्हणाला. “आमी ह्याच गाळाची मडकी करतो, कारन ह्यो गाळ पानी धरतो. बारक्या पोराला इचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी बी सांगितलं हुतं.”

“कुणाला?” इंगवल्यांनी विचारलं.

हरिबाने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. तो घटाकडे बघत उभा राहिला. तो बोलला असता तर मी कदाचित भांडले असते. भांडायची मला सवय होती. त्याच्या त्या गप्प राहण्याचा मला भयंकर राग आला, आणि त्या रागाला जायला जागाच उरली नव्हती.

“मला,” मी म्हणाले.

थोरातने मान वर केली.

“मे महिन्यात आले होते हे. गाळाच्या ट्रॉल्या वाफ्यांत उतरत होत्या. मला म्हणाले, बाई, ही माती पाणी पीत नाही. मी फुलझाडांची यादी बघत होते. मी म्हणाले...” मी बिस्किटांची बशी बाजूला सारली. “मी म्हणाले, काका, मडकी वेगळी आणि बाग वेगळी, तुम्ही तुमचं बघा. कामगार हसले. हे परत गेले.”

“पण तुमची चाचणी?” इंगवले म्हणाले.

“ती एप्रिलची आहे. वाळूची माती होती तेव्हाची, एकाच वाफ्यातली. गाळ पडलेला मी डोळ्यांनी पाहिला. थोरात मला विचारत होते, मॅडम चालेल ना. मी म्हणाले चालेल, झाडं छान येतील. आठ महिने भांडून मी ते वाफे मिळवले होते, ते आता हिरवेगार दिसावेत एवढंच मला हवं होतं. जूनमध्ये दाखल्याची घाई होती. पुन्हा चाचणी घ्यायची तर प्रत्येक वाफ्यात एक खड्डा आणि एक बादली पाणी लागलं असतं. मी ते केलं नाही. एका वाफ्याचा जुना आकडा सव्वीस ठिकाणी लिहिला आणि सही केली.”

मग इंगवल्यांनी, आमच्या दोन वर्षांच्या कामात पहिल्यांदा, आवाज चढवला.

“तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? हा दाखला खोटा ठरला तर माझे ताबे थांबतील! लायसन्स जाईल तुमचं!”

“जाऊ दे!” मीही उठले. “आज दुपारी हेच सगळं नगरपालिकेला लेखी देणार आहे. ताबे सोडवायचे असतील तर सव्वीस वाफे पुन्हा उकरा, गाळ काढा, मूळ नकाशात लिहिलीय ती माती भरा. आणि त्या पाइपचं नाव पुन्हा तोंडातून काढलंत तर मी स्वतः भिंतीला पाठ लावून बसेन, बघू कोण भोक पाडतो ते!”

“चूक तुमची आणि दादागिरी मला?”

“हो! चूक माझी आहे. म्हणूनच मला तुमची भीती वाटत नाही!”

खूप बोललो आम्ही एकमेकांना. ते सगळं आता आठवत नाही आणि आठवण्यालायकही नव्हतं. थोरात मध्ये पडला. “साहेब, मॅडम म्हणतात ते करू,” तो म्हणाला. “ट्रॉल्या मी लावतो.” आदल्या दिवशी ज्याला मी कामगारांसमोर धुऊन काढला होता, तो हा माणूस. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “असू द्या मॅडम,” आणि चहाचा कप माझ्यापुढे केला. तो कप मी का कोण जाणे दोन्ही हातांनी धरला.

या गडबडीत हरिबा कधी बाहेर पडला ते कळलं नाही. त्याचा घट तसाच टेबलावर होता. मी त्यातलं पाणी खिडकीबाहेर ओतलं, फळीसकट तो उचलला आणि त्याच्यामागे गेटपर्यंत जवळजवळ पळतच गेले.

“काका, थांबा! हे तुमचं राहिलं.”

तो थांबला.

“काका, गाळ सगळा तुमच्या दारात आणून टाकायला सांगते. वर्षभर पुरेल. आणि माझ्याकडून...”

“माती देताय व्हय,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, निदान मला ओळखता येईल असा नव्हता. “माती तुडवायची कुनी?”

मी फळी पुढे केली. “घट तरी न्या.”

“त्यो माझा न्हाई. तुमच्या बागंचा हाय.” त्याने पटका सारखा केला. “आन् भाजाया माझ्याकडं आवा न्हाई.”

तो उतारावरून खाली गेला. बोर्डावरचे इंगवले त्याच्याकडे बघून हात जोडत होते.

मी लिहून दिलं. लायसन्स गेलं नाही, पण नगरपालिकेने दोन वर्षं माझी सही घेतली नाही. ते बरोबरच होतं. वाफे दिवाळीपर्यंत उकरून झाले. थोरातने चाळलेली वाळू, पोयटा आणि थोडं कुजलेलं शेणखत असं मिश्रण माझ्यासमोर कालवून भरलं आणि प्रत्येक वाफ्यात स्वतः बादली ओतून पाहिली. पाइप निघाला नाही. घट माझ्याकडेच राहिला. वाळला, एका बाजूला बारीक तडा गेला. ऑफिसात नवीन आलेली मुलं त्यात पेनं ठेवायला जातात आणि माझ्या शिव्या खातात.

पुढच्या पावसाळ्यात, जुलैत, आदल्या वर्षीपेक्षाही मोठा पाऊस झाला. मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी मी सकाळपासून साइटवर जाऊन सर्वांत खालच्या वाफ्याच्या काठावर छत्री घेऊन बसले होते. वाफा भरला. मी घड्याळ बघितलं. पाणी उतरू लागलं, कर्दळीचे बुंधे दिसू लागले, मग माती. मी वहीत आकडा लिहिला आणि तशीच, चिखलाच्या पायांनी, उतारावरून खाली गेले. वाट ओली होती, पण तिच्यावरून पाणी वाहिल्याची खूण नव्हती.

हरिबाच्या अंगणात पत्र्याखाली नवा आवा रचलेला होता. दारात शेवंता सूप घेऊन बसली होती. मला बघून उठली. जरा लंगडत.

“हरिबा काका आहेत?”

“मामंजी घरात न्हाईत,” ती म्हणाली.

तिच्या पाठीमागे, आतल्या अंधारात, चाकाची घरघर चालू होती. तिलाही ती ऐकू येत होती आणि मलाही. ती नजर चुकवेना आणि मी पुढे होईना. मला राग आला. वर्षभर मी या एका आकड्यासाठी झुरले होते, भर पावसात बसून तो आणला होता, आणि हा म्हातारा चार पावलं बाहेर यायला तयार नव्हता. मग माझी नजर तिच्या पायाकडे गेली.

“काय निरोप सांगू?” शेवंताने विचारलं.

“सांगा,” मी म्हणाले, आणि आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “अडीच तास लागले. यावेळी मी स्वतः बसून पाहिलं.”

आत चाक थांबलं. मी उंबऱ्याशी उभी राहिले.

मग ते पुन्हा फिरू लागलं.